वलगावचा पिन

आमच्या वलगावचे पोस्टमन खुशालराव तोंडाने फटकळ आहेत. तरी त्यांना कुणी नावं ठेवली की मी भांडायला उठते.

चार वर्षांपूर्वी अकोल्याच्या एका मोठ्या बियाणे संशोधन संस्थेत जागा निघाली होती. अर्ज टपालानेच पाठवायचा. हातोहात दिलेला घेणार नाही, उशिरा आलेला उघडणार नाही, असा त्यांचा खाक्या. मी चार दिवस आधी अमरावतीच्या पेटीत पाकीट टाकलं आणि निवांत झाले. पण आमच्या गावात पिन पाठ असतो तो एकच, आपला स्वतःचा. पाकिटावर सहा चौकटी दिसल्या की हात तोच लिहितो.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी खुशालराव अंगणात हजर. हातात माझं पाकीट.

“प्रणाली, संस्था अकोल्याची अन पिन वलगावचा काहून टाकला वं? तुयं पत्र फिरून तुयाच गावात आलं!”

घाईघाईने मी अकोला शहराचा पिन सांगितला, तर ते आणखीच डाफरले.

“अवं, त्या संस्थेत रोज पोतंभर टपाल येते. संस्थेच्या आवारातच पोस्ट हाय, त्याचा पिन येगळा. शहराचा टाकला तर पत्र पयले मोठ्या पोस्टात जाईन, मंग तिकडं. तारीख हुकन तुयी.”

त्यांनी लाल पेनाने पिन खोडून तो वेगळा पिन लिहिला. त्यांना तो पाठच होता. दरवर्षी तिथे अर्ज करणारी गावातली सात-आठ पोरं हीच चूक करतात. गावची टपालथैली तर केव्हाच गेली होती. ते पाकीट रात्रीच्या टपालात द्यायला ते स्वतःच मोटारसायकलवर अमरावतीच्या मोठ्या पोस्टात निघाले.

अर्ज वेळेत पोचला. नोकरी लागली. पेढे घेऊन मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा ते म्हणाले, “कामच हाय मायं.”

त्यांच्या पत्नी पार्बताबाई आतून बोलल्या, “काम! तुयं पाकीट घेऊन गेले त्या दिवशी आमच्या प्राजक्ताले पाहायले पाहुणे आले होते. यायची दोन घंटे वाट पाहली, अन उठून गेले.”

मी पुढे केलेला पेढ्यांचा डबा मागे घेतला.

“तू कायले तोंड पाडतं?” खुशालराव म्हणाले. “पाहुणे दुसरे येतीन. तुयी तारीख काई दुसरी येनार नव्हती.”

मी वाकून त्यांच्या पाया पडले. एवढं कुणी माझ्यासाठी आजवर केलेलं नाही.