बैठकीतलं ‘आपण’

पीएचडीची पहिली चार वर्षं त्याने आणि मी विद्यापीठातल्या एकाच प्रयोगशाळेत काढली. पाण्यातलं शिसं प्रकाशाने ओळखणारा सेन्सर आम्ही बनवत होतो. काचेवरचा सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचा थर बिघडला की मी हिरमुसायची. तो म्हणायचा, “चल गं वेडे, आधी चहा पिऊ.”

मग एका कंपनीने आमच्या विभागाशी करार केला आणि त्याला नोकरी दिली. तो स्थिरावला की घरी लग्नाचं सांगायचं, असं आमचं ठरलं. पण त्याचे फोन कमी होत गेले. “काम गुप्त असतं,” एवढंच तो सांगायचा.

सहा महिन्यांनी विभाग आणि कंपनी यांच्या बैठकीत तो कंपनीच्या बाजूने बसला होता. माझं बोलून झाल्यावर म्हणाला, “मॅडम, आपले थर एकसारखे येत नाहीत. आपण हा भाग आमच्याकडे सोपवावा.”

माझे मार्गदर्शक सर माझ्याकडे बघत होते. मी “हो” म्हणाले आणि वहीत लिहून घेतलं. कोथरूडच्या बसमध्ये मात्र मला रडू आवरेना. थरांचं मला काहीच वाटलं नव्हतं. त्याने मला ‘आपण’ म्हटलं होतं.

तो भाग कंपनीकडे गेला. उरलेल्या कामावर मी प्रबंध पुरा केला. तो मला पुन्हा भेटला नाही.