सोमवारचे लाल ठिपके

"ताई, तू घेऊन जाय त्याले. सगळं काढून पाह्यलं. आता फक्त मीच उरलो."

समोरचे काका व्हरांड्यात पाठमोरे उभे राहून फोनवर बोलत होते. ताई म्हणजे त्यांची भिलाईची मोठी बहीण, आणि 'तो' म्हणजे पटवारी, त्यांचा कुत्रा. मी त्यांच्या फाटकाबाहेर उभी होते. ओढणीच्या आड माझ्या हातात मोहरीचं तेल लावलेली गव्हाची पोळी होती. शनिवारी पाच वाजता काका मारुतीच्या देवळात असतात. ते घरी आहेत हे ठाऊक असतं तर मी रस्ताच ओलांडला नसता.

एका कुत्र्यासाठी अख्ख्या जगाला घाबरणारा असा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. मी स्वतः दाराची घंटा वाजली की आतल्या खोलीत जाणारी, त्यामुळे घाबरण्यातलं मला थोडंफार कळतं. पण माझी भीती माणसांपुरतीच होती. काका होळीच्या रंगाला घाबरत, डासांसाठी धूर सोडत येणाऱ्या गाडीला घाबरत, झेंडूला घाबरत, शेजारच्यांनी वाळत घातलेल्या चादरींच्या साबणाला घाबरत. पावसाळा संपला की गल्लीच्या दोन्ही टोकांपर्यंत ते स्वतः गाजरगवत उपटत जात, आणि कोणी हसलं तर म्हणत, "तुमाले काय होते? तुमी कपडे घालता. तो उघडा फिरते." लग्न त्यांनी केलं नाही. घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरातलं, नोकरी मंत्रालयात, महसूल खात्यात. सोमवार ते शुक्रवार सकाळी आठला कार्यालयाच्या बसनं नवा रायपूरला जायचं, संध्याकाळी सातला परतायचं आणि बॅग खाली ठेवायच्या आधी कुत्र्याचं पोट तपासायचं, असा त्यांचा क्रम होता. पटवारी, म्हणजे आपला तलाठी, हे नावही त्यांच्या खात्यातूनच आलेलं. पिल्लू घरी आणलं त्या दिवशी त्यानं चारही कुंपणभिंती हुंगून, कोपऱ्याकोपऱ्यात खूण करून अंगणाची मोजणी पुरी केली होती. तो नखापर्यंत काळा होता, अंगावर एकही पांढरा केस नव्हता. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सगळं त्या रंगामुळे घडलं.

दोन वर्षांचा झाला तेव्हा पटवारी खाजवायला लागला. आधी कान, मग पंजे चाटणं, मग पोटावर लाल चट्टे आणि काखेतले केस गेलेले. समता कॉलोनीतल्या डॉक्टरांनी आधी बारीक कंगव्यानं पिसवा आणि गोचीड शोधले, कातडीवर चिकटपट्टी लावून काचेखाली पाहिलं, बॅटरी लावून कान आतून पाहिले, आणि सांगितलं की हे बहुतेक खाण्यातून येतंय. कोंबडी, दूध, गहू, जे तो रोज खातो त्यातलंच काहीतरी. रक्त तपासून ते नीट कळत नाही. जे आजवर कधी खाल्लं नाही असं एकच मांस आणि एकच कंद आठ आठवडे द्यायचं, बाकी काही नाही, आणि खाज गेली की एकेक जुनी गोष्ट परत देऊन बघायची. "एक बिस्किट भी गया भैया, तो गिनती फिर एक से," डॉक्टर म्हणाले. कानाला शिळ्या पावासारखा वास आला तर समजा आत बुरशी वाढली आहे, असंही त्यांनी सांगितलं. तेव्हापासून काका रोज सकाळी चहाच्या आधी पटवारीचे दोन्ही कान हुंगत. ती सवय पुढे इतकी वाढली की एकदा एका मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर कागद घेऊन गेलेले असताना त्यांनी साहेबांच्या कुत्र्याचाही कान हुंगला आणि म्हणाले, "साहेब, डाव्यात बुरशी आहे, उजवा ठीक आहे." साहेबांनी सही करायची सोडून आपल्या कुत्र्याचा कान हुंगला म्हणे.

एकच मांस म्हणून डॉक्टरांनी मासा सुचवला, कंद म्हणून रताळं. काकांच्या घरात चातुर्मासात कांदा येत नव्हता, तिथे आठवड्यातून तीन दिवस रोहू यायला लागला. मागच्या अंगणात वेगळी शेगडी, वेगळं पातेलं. काका नाकाला गमछा बांधून, तोंड दुसरीकडे करून, डोळ्यांत पाणी आणून मासा उकडत. आणि त्याआधी तुळशीभोवती जुनं धोतर गुंडाळत. "तिले दिसू नये म्हणून," ते माझ्या आईला म्हणाले होते. मासळीवाली दारावर यायची, हा मासा काय खातो असं ते तिला तिच्याच छत्तीसगढीत विचारत, "ये मछरी का खाथे?" ती टोपली उतरवत म्हणायची, "पानी म रहिथे भैया, मैं का पूछे बर जाथंव?" तो पाण्यात राहतो, मी काय विचारायला जाते, असं सांगून ती गेली की काका बराच वेळ चिंतेत असत. न जाणो, त्या माशानं गहू खाल्ला असला तर.

खाण्याबरोबर बाकीचंही एकेक काढायचं त्यांनी स्वतःच ठरवलं. डॉक्टरांनी इतकं सांगितलं नव्हतं, पण भिणाऱ्याला थोडक्यात भागत नाही. फिनाईल गेलं, उदबत्ती गेली, प्लास्टिकचं भांडं जाऊन स्टीलचं आलं, लोकरीची घोंगडी गेली, काकांचं डोक्याचं तेल गेलं. फाटकावर हिंदीत पाटी लागली: 'कृपया कुछ न खिलाएँ. बीमार है.' आत येणाऱ्यानं नळावर हात धुवायचे असा नियम झाला, तो पोस्टमनलाही लागू होता. एकदा मी समोरून जात असताना त्यांनी मला हाक मारली.

"बेटा, केसाले काय लावते तू?"

"शाम्पू," मी म्हणाले.

"घेऊन ये बरं."

मी बाटली घेऊन गेले. त्यांनी भिंगातून तिच्यावरचं सगळं बारीक इंग्रजी वाचलं, तीन शब्दांचे अर्थ मला विचारले, आणि ते मला येत नाहीत म्हटल्यावर त्यांना माझ्या शाळेबद्दलच शंका आली. "इंग्लिश मिडीयम ना तुमचं?" ते म्हणाले. मी हिंदीत सॉरी म्हणून परत आले. मी मराठी समजते, वाचते, लिहितेही. घराबाहेर तोंड उघडायचं म्हटलं की मात्र कुठलीच भाषा येत नाही.

माझ्या या न येण्यामुळेच ती पोळी सुरू झाली. तीन मुलाखतींत उत्तरं माहीत असून माझा गळा बंद झाला होता. आईला कोणीतरी गुढियारीतल्या एका गुरुजींचं नाव सांगितलं. त्यांनी पत्रिका पाहून शनी सांगितला आणि उपायही सांगितला: अकरा शनिवार, सूर्य मावळायच्या आत, पूर्ण काळ्या कुत्र्याला मोहरीचं तेल लावलेली पोळी स्वतःच्या हातानं द्यायची. कोणाला सांगायचं नाही, सांगितलं तर फळ जातं. एकही शनिवार चुकला तर मोजणी पहिल्यापासून. मला यावर विश्वास होता का? नव्हता. पण नाही म्हणायलाही गळा लागतोच. पहिल्या शनिवारी मी गल्लीच्या टोकाच्या कुत्र्याकडे गेले आणि पोळी घेऊन परत आले.

"काहून वापस आली?" आईनं विचारलं.

"त्याच्या छातीवर पांढरं आहे."

"मग नाही चालत. समोरचा आहे ना, नखापर्यंत काळा. जाय, ते आता देवळात गेले असन."

"आई, त्याला मनाई आहे. पाटी लावली आहे."

"एका पोळीनं कोणी मरते काय? आपल्या घरची आहे, काही बाजारची नाही."

असं प्रत्येक घरातलं प्रत्येक माणूस म्हणत असावं, म्हणून तर डॉक्टरांना ते बिस्किटाचं वाक्य पाठ झालं होतं. पटवारीनं फाटकाच्या सळ्यांतून माझ्या हातातली पोळी दोन घासांत संपवली आणि तेलकट बोटं चाटली. आठ आठवडे नुसता मासा आणि रताळं खाणार होता तो. माझ्याकडे असं आनंदानं तोवर कोणी पाहिलं नव्हतं.

चौथ्या शनिवारनंतर मला कळलं. काकांनी व्हरांड्यात कॅलेंडर टांगलं होतं, पटवारी एकदा खाजवायला बसला की त्या तारखेच्या चौकोनात एक लाल ठिपका. माझ्या खिडकीतून ते दिसायचं. एका सकाळी काकांनी मला व्हरांड्यात बोलावून, ते काढून माझ्यासमोर धरलं. बुधवार ते शनिवार चौकोन जवळजवळ कोरे. रविवारी दुपारपासून ठिपके सुरू, सोमवारचा चौकोन इतका भरलेला की तारीख वाचता येत नव्हती. मंगळवारी विरळ, बुधवारी पुन्हा कोरं. चार आठवडे, एकाखाली एक, तेच.

"पाह्य बेटा, सोमवारी काय होते याले?" काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. "कोण देऊन राह्यलं काही? पण कोण देईल? पाटी आहे ना."

 मी कॅलेंडर खिळ्याला परत अडकवून दिलं आणि घरी आले.

त्यानंतर प्रत्येक शनिवार मी भीतच काढला. पाचव्या शनिवारी पोळीचा फक्त नखाएवढा तुकडा दिला. ठिपके थोडे कमी झाले, गेले नाहीत. सहाव्या शनिवारी ठरवलं की देणारच नाही, तर आई खिडकीत उभी. सोमवारी कार्यालयाची बस यायच्या आधी काका अंगणात बसून पटवारीच्या पोटावर थंड पाण्याचा कपडा ठेवताना दिसायचे, आणि तो पाय झाडत स्वतःचाच पंजा चावायचा. चावण्याचा तो ओला आवाज रस्त्यापलीकडे येत नव्हता, पण मला येत असे. मी मनात रोज वाक्य जुळवायची. मराठीत जुळवलं की हिंदीत बरं वाटायचं, हिंदीत जुळवलं की इंग्रजीत, आणि तोवर बस निघून जायची.

सातव्या शनिवारी काकांना मित्राच्या मुलीच्या लग्नाला नागपूरला जायचं होतं. कुत्रा भिलाईला ताईंकडे ठेवला. जाताना काकांनी सोबत घरचं भांडं दिलं, घरची सतरंजी दिली, उकडलेला मासा डब्यात भरून दिला, पाण्याचासुद्धा एक कॅन दिला. पटवारी नसल्यामुळे माझी पोळी हुकली आणि आईनं कपाळाला हात लावून मोजणी पहिल्यापासून सुरू केली. त्या सोमवारी भिलाईत पटवारीनं एकदाही अंग खाजवलं नाही. चौकोन कोरा. काका परत आले, पटवारी परत आला, मी पुन्हा पहिला शनिवार केला, आणि सोमवार लाल झाला.

काकांनी हिशोबी माणसासारखा त्यातून निष्कर्ष काढला. घरातलं सगळं पटवारीबरोबर भिलाईला गेलं होतं, फक्त एक गोष्ट गेली नव्हती. आठवडाभर जी गोष्ट अकरा-अकरा तास घराबाहेर असते आणि शनिवार-रविवार दिवसभर घरात, त्याच्या अंगाशी. त्यांनी साबण बदलला, कपडे दोनदा धुतले, रविवारी कुत्र्याला हात न लावता व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला बसून राहिले. पटवारी आपला पंजा चावत मधूनमधून त्यांच्याकडे बघत होता, काका त्याला लांबूनच "आहे रे, इथंच आहे" म्हणत होते, आणि मी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

मग आला नव्या मोजणीतला तिसरा शनिवार, ज्या दिवशी मी फाटकाबाहेर पोळी घेऊन उभी होते आणि काका फोनवर होते.

"नाही वो ताई, रडून नाही राह्यलो," ते म्हणाले. "मलेच त्याच्यातून काढून पाहू. बरं वाटलं त्याले, तर तुयाकडंच राहू दे."

फाटकाच्या आत, सळ्यांना नाक लावून, पटवारी शेपूट हलवत माझ्या ओढणीकडे पाहत होता.

आता मी रायपुरात नसते. काकांचा दर सोमवारी सकाळी फोनवर एक फोटो येतो: पटवारीचं पोट, आणि खाली एक शब्द, 'साफ'. डॉक्टरांनी मोजणी पुन्हा एकपासून केली होती, आणि शेवटी एकेक गोष्ट परत देऊन पाहिली तेव्हा कोंबडी निर्दोष निघाली, दूधही सुटलं, गहू तेवढा सापडला. तुळशीचं धोतर सुटलं. कॅलेंडर मात्र अजून टांगलेलं आहे, भीती अशी लगेच जात नाही. मागच्या फोटोत पटवारीचं तोंडही आलं होतं. हनुवटीभोवती पांढरे केस दिसले. त्या उपायाला आता तो चालणारही नाही. 

त्या संध्याकाळी यातलं काहीच मला माहीत नव्हतं. एवढंच दिसत होतं की काकांनी फोन ठेवला आहे, ते वळले आहेत, आणि माझ्या ओढणीतून तेलाचा डाग बाहेर आला आहे. पळण्यासाठी रस्ता मोकळा होता. खिडकीत आई होती. गळा नेहमीसारखा बंद होत आला, आणि तो पुरता बंद व्हायच्या आत मी मराठीत म्हणाले,

"काका, तुम्ही शेवटचे नाही. मी राहिले अजून. दर शनिवारी त्याला पोळी मी देते."