अकरा ओव्यांत राणीचा जल्लाद

मी जन्माची भित्री. पालीला भिते, विजेला भिते, कुत्रं रडलं तरी उठून बसते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी हसायला नको.

दिंद्रुडच्या बाजूला आमचं गाव. जत्रेत दरसाल गावातलीच माणसं राजाराणीचं नाटक करायची. निजामाचं राज्य, पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांची परवानगी दिवेलागणीपर्यंतच. त्यामुळं खेळ भर दुपारी, देवळापुढच्या ओट्यावर. माणसं पाचच आणि सोंगं दुप्पट. आमच्या मालकांचा, म्हणजे घरधन्याचा, आवाज बारीक, म्हणून राणी ते. दंड भरलेले, म्हणून राजाचं मुंडकं उडवायला येणारा जल्लादही तेच. राणी रडत आत गेली की जल्लाद बाहेर येईपर्यंत उस्तादांनी एकट्यानं ढोलकी वाजवायची. उस्ताद म्हणजे नाटकाचे म्होरके, तिथं त्यांचाच शब्द चालायचा. गावात घड्याळ नव्हतं. मी जात्यावर बसून त्यांचा तुकडा मोजला, तर अकरा ओव्या भरल्या. अकरावी संपायच्या आत राणीचा जल्लाद व्हायला हवा होता.

लुगडं माझं, नेसवणारी मी, म्हणून सोडवणारीही मीच. नाटकाच्या आडोशाला बाईमाणूस म्हटल्यावर गावानं नाकं मुरडली, पण उस्तादांनी कुणाला जुमानलं नाही. बेत मी झकास केला होता. निऱ्या घालून टाचून टाकल्या आणि एका नाडीवर अडकवल्या. आत धोतर आधीच नेसवलेलं. चोळीची गाठ एका हिसक्यात सुटणारी. मिशीसाठी बाभळीचा डिंक भिजवून ठेवलेला.

घरात दार लोटून पहिली तालीम केली. मी ओव्या म्हणत नाडी ओढली, लुगडं पडलं. त्यांच्या कपाळाचं कुंकू पुसलं, गळ्यातले काळे मणी काढले, बांगड्यांना हात घातला, आणि हात तिथंच थांबला. नवरा गेल्यावर बाईचं जे जे करतात, ते मी माझ्याच नवऱ्यासमोर उभी राहून, त्याच क्रमानं, घाईघाईनं करत होते. त्यात आसपास प्लेगाची साथ. मला पाचवा महिना. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

नाटक सोडा म्हणायची सोय नव्हती, म्हणून मी बेतच बदलला. कुंकू पुसायचं नाही, बोटानं वर ओढून जल्लादाचा टिळा करायचा. मणी काढायचे नाहीत, वरून काळा रुमाल बांधायचा. राहिल्या बांगड्या. जल्लादाचे हात दंडापासून उघडे, त्यामुळं त्या लपवता येईनात. सैलशा लाखेच्या चालल्या असत्या, पण राणीनं हात उचलले की काचेचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत गेला पाहिजे, असं उस्तादांचं म्हणणं. वेळ पडली तर दगडानं फोडून टाक, असंही ते सहज सांगून गेले. आमच्यात बांगडी फुटली असं तोंडानंसुद्धा म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. मी करडईचं तेल घेऊन बसले. तेल लावून एकेक बांगडी उतरवायचा सराव केला, आणि नवव्या ओवीला दोन्ही हात मोकळे व्हायला लागले. तेव्हा कुठं मला घास गोड लागला.

जत्रेच्या सकाळी कासार आला. पुरुषाच्या हातात नुसत्या भरणार नाही म्हणाला. आधी माझ्या हातात भरल्या, मग माझ्याच नावानं त्यांच्या. रिवाजाप्रमाणं मी कासाराला नमस्कार केला, आणि माझ्यामागं त्यांनीही केला. लोक हसले. मला हसू आलं नाही.

आमची चूक खेळात कळली. राणी रडताना जमिनीवर तळहात आपटते. बांगड्यांना धक्का नको म्हणून तालमीत त्यांनी हात कधी आपटलेच नव्हते. त्या दिवशी बायका रडायला लागल्या तसा त्यांना चेव आला. आडोशाला आले तेव्हा पंजे टम्म सुजले होते. लुगडं सुटलं, टिळा ओढला, मिशी चिकटली. बांगड्या मात्र हलेनात. तेल ओतलं, ओढलं, सातवी ओवी गेली, आठवी गेली. बाहेर उस्तादांनी ढोलकीचा जोर वाढवला. दहाव्या ओवीला मालकांनी दोन्ही हात आडोशाला उभ्या बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेवर ठेवले आणि माझ्याकडं बघितलं. दगड मीच उचलला.

जल्लाद वेळेवर गेला. मनगटातून रक्त येत होतं, लोकांना ते सोंगातलंच वाटलं. मी काचा पदरात गोळा करत बसले.

त्या दिवसापासून मी त्यांच्या जिवावर पहारा ठेवला. ते झोपले की काखेत हात घालून प्लेगाची गाठ आलीय का बघायची. खोकले की उठून दिवा लावायची. ते मात्र भलतंच वागायला लागले. आडावर मला जाऊ देईनात, पाणी स्वतः आणायचे. रात्री जाग आली की ते माझ्या उशाशी बसलेले दिसायचे. वाटलं, माझ्या भीतीचीच थट्टा चाललीय.

नववा महिना लागला तसं मला राहवेना. रडत सांगितलं, तुमच्या बांगड्या मी माझ्या हातानं वाढवल्या, तुम्हाला काही झालं तर मी काय करू.

त्यांनी मनगटावरचे वण चोळले. मग म्हणाले, "तू माझ्यासाठी भ्यायलीस व्हय? चुडा माझ्या हातात व्हता. बाईचा चुडा नवऱ्यासाठी असतोय. मंग नवऱ्याच्या हातातला कुणासाठी असंल? चार महिने झाले, मला झोप न्हाई."

मी पोटावर हात ठेवला. इतक्या महिन्यांत मी स्वतःसाठी एकदाही भ्याले नव्हते. त्या घडीपासून भ्यायला लागले.