आधी रेघ, मग अक्षरे

ग्रामपंचायतीत सखूबाईंनी काल ठरावावर सही केली. आधी आडवी रेघ ओढली, मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तसे एकेक अक्षर तिला टांगले. लिहिता येणारा माणूस रेघ शेवटी ओढतो. सखूबाईंनी चित्र काढले होते.

मी ठराव वाचला. "गायरान खाणीला दिलंत तुम्ही."

"मग माझ्या शेळ्या कुठं चरायच्या, गुरुजी?"

साक्षरतेने गाव शहाणे झाले, असे सरपंच सभांतून सांगतात. प्रौढांचा साक्षरता वर्ग मी घेत होतो. सगळ्यांना सही येताच तो सरपंचांनीच बंद करविला. अंगठा उठवणाऱ्याला कागद निदान वाचून दाखवावा लागे. साक्षरतेने दूर केली ती सरपंचांची तेवढी अडचण.