पत्त्यासकट प्रार्थना

देवाशी इतकं सविस्तर बोलणारी बाई नाशिकरोडमध्ये दुसरी झाली नसेल, आणि ती नेमकी आमच्या शेजारी राहत होती. आमची नि त्यांची मधली भिंत एकच. मी त्यांना मावशी म्हणायचे. दिवेलागणीला इकडे आई देवापुढे निरांजन लावायची आणि पलीकडे मावशी डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून मोठ्याने प्रार्थनेला बसायच्या. सुरुवात चर्चमधल्या शुद्ध भाषेत व्हायची, "हे आकाशातील बापा, तुझी कृपा आम्हां लेकरांवर असू दे," पण दोन-चार वाक्यांत त्या पेठ तालुक्यातल्या आपल्या माहेरच्या बोलीवर घसरायच्या. "देवा, पिवळ्या गेटवालीच्या गुडघ्याकडं जरा बघ. पिवळं गेट बरं का. हिरव्या गेटवालीचे गुडघे धडधाकट हायेत, तिकडं उगाच वेळ घालवू नको." देवाचा पत्ता चुकेल ही त्यांना कायम धास्ती. त्यामुळे गल्लीत कुणाच्या मुलीला पाहायला पाहुणे आले, कुणाच्या सुनेचं पटत नाही, हे सगळं देवाला कळायच्या आधी आम्हाला कळायचं. कोपऱ्यावरच्या एका गृहस्थांना संध्याकाळी थोडी 'घ्यायची' सवय होती. ते एकदा हात जोडून म्हणाले, "मावशी, प्रार्थनेत माझं नाव तेवढं नका घेऊ." मावशी म्हणाल्या, "नाव कुठं घेतलं? नुस्ता पत्ता दिला."

माझ्या पहिल्या मुलाखतीच्या आदल्या संध्याकाळी भिंतीपलीकडून ऐकू आलं, "देवा, हिला इंग्रजी येत नाय. तर समोरच्यालाही येत नसंल असं कर." सातपूरच्या कारखान्याच्या मालकाने माझी सगळी मुलाखत मराठीत घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून कामावर बोलावलं. आईने गणपतीला नारळ फोडला. प्रसाद द्यायला गेले तर मावशींनी खोबरं तोंडात टाकलं आणि म्हणाल्या, "तुमचाही होता वाटतं नंबर लावलेला? बरं झालं, दोन्हीकडून मागणं गेलं."

रविवारी मात्र त्यांचं रूप वेगळं. खळ घातलेली पांढरी साडी, बारीक निळे काठ, आणि हातात एक काळी पर्स, जिचं पितळी तोंड बंद करताना 'टक' असा आवाज यायचा. चर्चमध्ये त्या पुढून दुसऱ्या बाकावर, पंख्याखाली बसायच्या. पाळकांचा उपदेश लांबायला लागला की पर्स उघडून मिटायची, टक. पाळक सावध व्हायचे. अजून लांबला की पुन्हा टक. मग पाळक थेट समारोपाला यायचे. हे मी कापणीच्या सणाला त्यांच्याबरोबर गेले होते तेव्हा स्वतः पाहिलं. त्या सणाला लोक शेतातलं, परसातलं काहीबाही आणून देवाला वाहतात आणि मग त्याचा लिलाव होतो. मावशींनी आपला तांबडा कोंबडा वाहिला. लिलाव सुरू झाला आणि एका हॉटेलवाल्याने बोली लावली. मावशींनी एकदा हॉटेलवाल्याकडे, एकदा कोंबड्याकडे पाहिलं आणि पदर खोचून स्वतःच बोलीत उतरल्या. हॉटेलवाला थकेपर्यंत त्या हटल्या नाहीत. आपलाच कोंबडा विकत घेऊन, काखेत धरून रिक्षाने घरी आल्या. पुढच्या वर्षी पुन्हा तोच कोंबडा वाहिला. "देवाला दिला, देवाकडनंच घेतला. मधी हाटेलवाल्याचं काय काम?" असं त्यांचं म्हणणं.

काका, म्हणजे त्यांचे यजमान, एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. उंच, सरळ, मोजकं बोलणारे. चर्चच्या पंचमंडळींत त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि घरात तर त्यांचा शब्द शेवटचाच. अशा माणसाच्या एकुलत्या एका मुलीने सातपूरला लेथ मशीनवर काम करणाऱ्या एका हिंदू मुलाशी कोर्टात जाऊन लग्न केलं. काकांनी भिंतीवरचा तिचा फोटो उतरवला आणि म्हणाले, "या घरात तिचं नाव निघणार नाही." आणि खरंच निघालं नाही. संध्याकाळच्या प्रार्थनेतसुद्धा नाही. सगळ्या गल्लीचं भलं मागणाऱ्या मावशी आपल्या पोरीपाशी आल्या की गप्प व्हायच्या. भिंतीपलीकडची ती शांतता मला ओळखू यायला लागली होती. क्षणभर काहीच ऐकू यायचं नाही, मग एकदम "आमेन".

पण मावशी गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. एका बुधवारी दुपारी मी सातपूरच्या स्टॉपवर उभी असताना बसमधून मावशी उतरल्या. हातात ती काळी पर्स आणि पिशवीत डबा. मला पाहून थबकल्या, मग जवळ येऊन म्हणाल्या, "तू मला पाहिलं नाहीस."

"नाही पाहिलं. कुठे निघालात?"

"प्रार्थना सभेला."

"सातपूरला?"

"पोरगी आणि मी. दोघी बसतो, डोळे मिटतो, मग जेवतो. सभा म्हणजे आणखी काय असतं?" डब्यातल्या मटणाचा वास माझ्यापर्यंत येत होता. पुढे मुलीला मुलगी झाली, तेव्हा सभेची वेळ वाढली. काका पंचमंडळींत अभिमानाने सांगायचे की आमच्या घरात बुधवारची सभा कधी चुकत नाही. आपल्या लेकीचा नंबर मावशींनी मला मोबाइलमध्ये घालून ठेवायला सांगितला होता. का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

गेल्या नाताळच्या आधी करंज्या तळताना मावशींना धाप लागली, इस्पितळात हलवावं लागलं. हृदय मोठं झालं होतं. डॉक्टर बाहेर येऊन काकांना म्हणाले की आता फार आशा धरू नका. चौथ्या दिवशी त्यांना भेटायला पाळक आले. मीही तिथेच होते. पाळकांनी पवित्र शास्त्र उघडलं, तशा मावशी म्हणाल्या, "आज मी करते. तुम्ही सगळे डोळे मिटा." त्यांनी काकांचा हात धरला आणि सुरू केलं.

"हे आकाशातील बापा, तू दयाळू आहेस, थोर आहेस, आता मुद्द्याचं बोलते. दर बुधवारी मी सभेला जाते म्हणून सांगायचे आणि सातपूरला जायचे. आपल्या पोरीकडं. ह्यांच्याशी खोटं बोलले, त्याची माफी तू दे. ह्यांच्याकडं मी मागणार नाय." मी डोळे किलकिले करून पाहिलं. काका हात सोडवायला बघत होते आणि मावशींनी तो दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. चालू प्रार्थनेत मध्ये बोलायचं नाही, हा नियम काकांनीच आयुष्यभर पाळलेला आणि इतरांना पाळायला लावलेला. "पोरगी सुखात हाय, देवा. जावई कामावरनं आला की पैला चहा तिच्यासाठी टाकतो. ह्यांनी मला कधी... असू दे, ते तुला म्हाईत हाय." पाळकांना बारीक खोकला आला. "नात हाय. रागावली की ह्यांच्यासारखीच नाकपुडी फुगवते. बघून लय हसू येतं आणि मग रडू येतं. देवा, माझं आता उरकत आलं. माझ्यामागं हा माणूस एकटा पडंल. ह्याला मागायची सवय नाय. पोरीसाठी जीव तुटतो ह्याचा, पण हा तोंडानं म्हणणार नाय. फोटो कपाटात शर्टांखाली ठेवलाय, मला म्हाईत हाय. म्हणून ह्याच्या वतीनं मीच मागते. पोरीला घरी येऊ दे. येशूच्या नावाने मागते."

आणि त्या थांबल्या. आमेन त्यांनी काकांसाठी सोडलं होतं. बाहेर कुणाच्या तरी स्ट्रेचरची चाकं कुरकुरत गेली. पाळक एक डोळा उघडून काकांकडे बघत होते. ज्याने जन्मभर कुठलीही प्रार्थना अर्धवट राहू दिली नाही, त्या माणसाचे ओठ हलत होते, पण आवाज फुटत नव्हता. शेवटी घोगऱ्या आवाजात ते म्हणाले, "आमेन."

"जरा मोठ्यानं. वरपर्यंत पोचलं नसंल."

"आमेन!" काका म्हणाले, आणि कॉटच्या दांडीवर कपाळ टेकून लहान मुलासारखे रडायला लागले.

मी बाहेर येऊन फोन लावला. मुलगी तासाभरात आली आणि खोलीच्या उंबऱ्यावरच अडखळून उभी राहिली. काकांनी तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या पायांकडे, आणि म्हणाले, "चपला आत काढ. इथे बाहेरून चोरीला जातात." इतक्या वर्षांनंतरचं ते पहिलं वाक्य. मावशींनी उशीवर मान टेकली आणि माझ्याकडे बघून डोळे मिचकावले.

डॉक्टरांचा अंदाज मावशींनी खोटा ठरवला. घरी आल्या, नाताळ पाहिला, आणि त्यानंतरही बरेच दिवस काढले. मुलगी येऊन-जाऊन राहायची. मावशींचे केस धुवायची, अंगणात उन्हात बसवून विंचरायची. काका पायरीवर पेपर उघडून बसायचे, पण पान काही उलटलं जायचं नाही. एका सकाळी चहाचा कप हातात असतानाच मावशींनी मान टाकली. कप मुलीने वरच्या वर धरला.

अंत्यविधीला आमची सगळी गल्ली आली होती. शवपेटी अंगणात ठेवली होती. आई मोगऱ्याचा गजरा घेऊन बाजूला घुटमळत होती. यांच्यात चालतं की नाही, कुणाला विचारावं, तिला कळेना. काकांनी पाहिलं आणि बाजूला सरून जागा करून दिली. "माळा तुम्ही," ते म्हणाले. "मी कधी आणला नाही."

दफन आटोपून सगळे पांगले. रीतीप्रमाणे त्या घरी चूल पेटणार नव्हती, म्हणून संध्याकाळी मी पिठलं-भाकरी घेऊन गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. मुलगी बाहेरच्या खोलीत खुर्चीतच झोपली होती, दोन दिवसांची जागी. तिच्या अंगावर काकांची शाल होती. काका स्वयंपाकघराच्या दारात जमिनीवर बसले होते. मला बघताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी डबा हळूच खाली ठेवला आणि खुणेनेच विचारलं, जेवणार ना?

"ती उठली की जेवू," ते पुटपुटले. नजर तिच्यावरच होती. "लहानपणी पण अशीच झोपायची. तोंड उघडं टाकून."