न वाजवायच्या रेकॉर्डी

"आप्पा, ही शेवटची हं," असं म्हणत तो माझ्या फाटकातून आत शिरायचा. शर्टाच्या आत, छातीशी, काहीतरी चौकोनी धरलेलं असायचं. त्यामुळे तो पुढून अगदी सपाट दिसायचा, पुठ्ठा कापून उभा केल्यासारखा. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की पुढे पुढे मीच विचारायचो, "काय रे, आज शेवटची आणली की नाही?"

मेला नाही तो. असं कुणाविषयी लिहायला घेतलं की वाचणाऱ्याला वाटतं माणूस गेला, म्हणून आधीच सांगतो. तो नागपूरला मुलीकडे गेलाय. दोन वेळा जेवतो, दुपारी झोपतो. फक्त इथे आमच्या गावात, गिरीजला, नाही, आणि माझ्यापुरतं तेवढं पुष्कळ झालं. मी चौथी शिकलेला माणूस. वाडीत केळी, नारळ, थोडी भाजी केली, लिहिण्याशी कधी संबंध आला नाही. तेव्हा जसं आठवेल तसं सांगतो.

तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला कोथिंबीर आणायला पाठवलं तर तो दुपारी परत येतो, आणि कोथिंबीर सोडून भलतंच घेऊन येतो. याला नाद होता गाण्याच्या रेकॉर्डींचा. त्या मोठ्या, काळ्या, थाळीएवढ्या. मुंबईत कुठल्याशा ऑफिसात नोकरी झाली आणि निवृत्त झाल्यावर आमच्या वाडीच्या कडेला उभ्या राहिलेल्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायला आला. पहिल्यांदा केळीची पानं घ्यायला माझ्याकडे आला होता. मी त्याला साहेब म्हणायचो आणि वर अरे-तुरे करायचो. त्याने दोन्ही चालवून घेतलं.

कामणला भिवंडी रोडवर गोदामं आहेत. तिथे एका भंगारवाल्याकडे मुंबईतल्या जुन्या घरांचं सामान येतं. म्हातारं माणूस गेलं की पोरं आधी या रेकॉर्डी बाहेर काढतात. साहेब तिथे जाऊन पोत्यांवर बसायचा आणि एकेक उपसायचा. मी म्हटलं, "साहेब, तू वेडा आहेस."

"आहेच हो. पण मी नाही उचलली तर कोणीतरी तिला मधोमध काटे लावून भिंतीवरचं घड्याळ करतो. हल्ली फॅशन आहे. गाणाऱ्या बाईच्या पोटातून काटे फिरतात, बघवतं का?"

त्याच्या घरात जागा संपली होती. पलंगाखाली रेकॉर्डी, शोकेसमध्ये रेकॉर्डी, देवघराखालच्या कप्प्यातसुद्धा. शेवटी वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, जाहीर केलं, "आता एक रेकॉर्ड आत आली तर एक माणूस बाहेर जाईल. कोण जाणार ते तुम्ही ठरवा." वहिनी बँकेत कॅशियर होत्या. त्यांचा शब्द फिरत नसे.

आणि त्यांच्यापासून चोरून काही करणं कठीण. कान असे तिखट की मिक्सर चालू असला तरी आतून ओरडायच्या, "ही नवी आहे!" घरातली प्रत्येक रेकॉर्ड त्यांना पाठ. साहेबाने पुठ्ठा बदलून पाहिला, जुन्या कव्हरात नवी घालून पाहिली. सुई टेकली की पकडला जायचा.

त्याच सुमारास माझी बायको गेली.

ती बोलकी होती. माणूस नसलं तर कोंबड्यांशी बोलायची, चुलीशी बोलायची, घड लागलेल्या केळीला "सांभाळ गं बाय" म्हणायची. आमची वाडीतली बोली साहेबाला अर्धीच कळायची, तरी तो ऐकत बसायचा. ती गेली आणि घर गप्प झालं, आणि मला ते तसंच हवं होतं. टीव्हीवर मी चादर टाकली. पोरींनी तिच्या साड्या वाटून नेल्या. समजूत काढायला लोक आले, त्यातल्या दोघांना मी जा म्हणून सांगितलं. साहेब आला, पडवीत बसला, एक केळं सोलून खाल्लं आणि काही न बोलता गेला. पुढच्या रविवारी तसाच. त्याच्या पुढच्या रविवारी शर्टाच्या आत चौकोन.

"आप्पा, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारल्यावर सांगतो."

"वहिनींचं ते साड्यांचं कपाट सागवानी आहे ना? आत ओल येत नसेल."

"नाही येत. का?"

"नाही, रिकामं आहे म्हणून."

दुसरा कोणी असता तर मी त्याला फाटकाबाहेर काढला असता. पण हा कपाटाकडे असा बघत होता, जसा उपाशी माणूस भाताच्या टोपाकडे बघतो. त्यात लबाडी नव्हती.

"ठेव," मी म्हटलं. "पण या घरात वाजवायची नाही. ठेव, बघ, पूस. आवाज नको मला."

"नाही वाजवणार."

"नक्की?"

"सांगितलं ना, नाही वाजवणार."

आता त्याची पंचाईत बघा. घरी वाजवली तर बायको पकडणार. माझ्याकडे वाजवायची बंदी. म्हणजे हा माणूस पेन्शनमधून गाणी विकत आणत होता आणि ती ऐकायला त्याला जगात जागा नव्हती. तरी आणत होता. एक खण भरला, मग "आप्पा, खालचा पण रिकामाच आहे ना," मग त्याच्या खालचा.

रविवारी सकाळी तो यायचा आणि माझ्या विहिरीजवळ रेकॉर्डी धुवायचा. रिठ्याचं पाणी, मऊ फडकं, तान्ह्या पोराला अंघोळ घालावी तसा हात. एकदा धुतलेल्या ओल्या रेकॉर्डी त्याने सावलीत उभ्या करून ठेवल्या होत्या. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या केळी वाळवून सुकेळी केलेली. ओलं दिसलं की उन्हात टाकायचं, हे हातालाच माहीत. मी दोन उचलल्या आणि सुकेळ्यांच्या मांडवाकडे निघालो. साहेब रिठ्याच्या फेसाच्या हातांनी धावत आला.

"आप्पा! उन्हात नको! पापड होईल!"

"मग वाळणार कशी?"

"वाऱ्याने. हिला ऊन चालत नाही. सावलीतच ठेवायची."

"नाजूक आहे," मी म्हटलं. "घरात दुसरी कामं सांगता येणार नाहीत हिला."

कपाटात कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला मात्र माझा. ते त्याला ठाऊक नव्हतं. खूश झाला.

पुसून झाल्या की तो एकेक मांडीवर घ्यायचा आणि मला तोंडाने गाणं सांगायचा. गळा त्याचा फाटका, बेडकासारखा. म्हणून गायचा नाही, सांगायचा. "हे बघा, इथे आधी सारंगी. मग बाई येते, पण घाई नाही तिला. मग वरती जाते, जाते, आणि थांबते. बरं का आप्पा, ते थांबणं ऐकण्यासारखं."

"तू ऐकलंयस?"

"नाही."

"मग सांगतोस कसा?"

"अंदाज. मागे लिहिलंय, राग कुठला, साथीला कोण. त्यावरून लावतो."

म्हणजे न ऐकलेलं गाणं हा मला सांगायचा आणि मी न ऐकता ऐकायचो. मी त्याला एकदा म्हटलं, "अरे, वहिनींना सांगून टाक ना सरळ." तर म्हणाला, "सांगितलं असतं. पण मग रविवारी बाहेर पडायला कारण काय सांगू?" मला वाटलं होतं, एक दिवस हा वाजवायची परवानगी मागेल. मी नाही म्हणायला तयार बसलो होतो. त्याने मागितलीच नाही. एक पावसाळा गेला, सुकेळ्यांचा हंगाम गेला, तरी नाही.

पुढे त्याने कामणहून एक प्लेअरही आणला, झाकणाचा, पेटीसारखा. "नुसता ठेवतो, वाजवायला नाही," म्हणाला. मीही नुसता ठेवू दिला.

मग एका रविवारी तो आला आणि शेवटची-बिवटची काही म्हणाला नाही. रेकॉर्ड शर्टातही नव्हती, दोन्ही हातांत धरलेली, पूजेचं ताट आणावं तशी. एका बाईची होती. विशीत असताना मित्राच्या घरी एकदाच ऐकलेली, आणि तेव्हापासून शोधत होता. मला कव्हर दाखवलं. मी म्हटलं, "बरी आहे," आणि केळीच्या बुंध्याशी फुटलेले पिळे काढायला मागे गेलो. मला दुसरं काय बोलता येणार?

परत आलो तर साहेब पडवीत नाही. आत डोकावलो. प्लेअर चालू, रेकॉर्ड फिरतेय, आणि हा गुडघ्यांवर बसून, कमरेत वाकून, कान सुईला लागेल इतका खाली नेऊन बसलाय. डोळे मिटलेले. मला वाटलं चक्कर आली.

"काय झालं रे?"

तो दचकला. "वाजवत नाहीये आप्पा. आवाजाचं बटण बंदच आहे, बघा. नुसती सुई. सुईचा सुईपुरता आवाज येतो. खोलीत जात नाही."

मी जवळ गेलो, वाकलो. खरंच, सुईतून आवाज येत होता. मुंगी गात असेल तर अशी गाईल. तेवढ्यासाठी साठी उलटलेला माणूस फरशीवर गुडघे टेकून बसला होता, आणि माझा शब्द मोडला नव्हता.

"मोठं कर," मी म्हटलं.

"नको आप्पा. ठरलंय आपलं."

"मी ठरवलं होतं. कर मोठं."

त्याने बटण फिरवलं. मला गाण्यातलं कळत नाही, चांगलं की वाईट ते सांगणार नाही. पण घरात पुन्हा बाईमाणसाचा आवाज आला. मी कोयता हातात घेऊन, पायाला चिखल, तसाच उभा. बायको गेल्यापासून कोंबड्यांनी आत येणं सोडलं होतं. त्या उंबऱ्यापाशी गोळा झाल्या आणि माना वाकड्या करून आत बघायला लागल्या. त्यांना वाटलं असणार. मी त्यांना हाकललं नाही.

साहेबाचा अंदाज मात्र साफ चुकला. त्या दिवशी आम्ही आणखी कितीतरी लावल्या, आणि जिथे बाई थांबणार म्हणून त्याने मला सांगितलं होतं तिथे ती थांबलीच नाही, वरच्या वर निघून गेली. "थापाड्या," मी म्हटलं. तो इतका हसला की त्याला ठसका लागला.

आणि हसत असतानाच फाटक वाजलं. तिसऱ्या मजल्याची खिडकी माझ्या वाडीवर उघडते, हे आम्ही दोघंही विसरलो होतो. वहिनी पडवीत. साहेब कपाटाच्या दाराआड.

"आप्पा, तुम्हाला कधीपासून गाण्याचा नाद लागला?"

"मला नाही. तुमच्या नवऱ्याच्या आहेत."

"कुठेयत ते?"

दाराखालून त्याचे पाय दिसत होते. वहिनी म्हणाल्या, "त्या पायांना म्हणावं, बाहेर या."

बाहेर आला. वहिनींनी कपाट पाहिलं. वरून खाली, एकेक खण. "सगळ्या?"

"सगळ्या," मी म्हटलं.

"आणि मी इतके दिवस समजत होते की हे तुमच्या सोबतीला येतात."

"ते पण करतो," मी म्हटलं.

वहिनींनी कपाटाचं दार लावलं. मग स्वतःच खुर्ची ओढली. "मघाची ती बाई परत लावा. खिडकीतून निम्मीच आली."

त्यानंतर रविवारी आम्ही तिघं. वहिनी डब्यात काहीतरी करून आणायच्या, साहेब सुई फुंकायचा, मी नारळ सोलायचो. कुठली चांगली यावर नवराबायकोचं भांडण लागलं की दोघं माझ्याकडे बघायचे. मी म्हणायचो, "कोंबड्यांना विचारा." बरे दिवस होते ते.

मग साहेबाचे गुडघे गेले. बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली ती पडलीच. मुलगी नागपूरहून आली, म्हणाली चला. घरच्या रेकॉर्डी मी केळीच्या वाळक्या पानांत बांधून दिल्या, एकीलाही ओरखडा नाही. टेम्पो भरला तेव्हा तो माझ्याकडच्या न्यायला आला. कपाट उघडलं, बघत राहिला, बंद केलं.

"ने की. तुझ्याच आहेत."

"राहू देत आप्पा. कपाटाला सवय झालीय."

आणि गुडघे धरत धरत गेला.

रविवारी त्याचा फोन येतो. "आज कुठली लावली?" मला इंग्रजी नावं वाचता येत नाहीत. मी सांगतो, "ती, निळ्या कव्हरावर बाई डोळे मिटून बसलेली." त्याला लगेच कळतं. पण किती दिवस तेच तेच? कपाट जितकं होतं तितकंच राहिलेलं बघून मला चैन पडेना.

परवा रिक्षा केली आणि कामणला गेलो. भंगारवाल्याने विचारलं, "चाचा, कौनसी चाहिए?"

"आमच्याकडे नाही ती."

तो हसला. मी पोत्यावर बसलो आणि उपसायला लागलो. नावं येत नसली तरी प्रत्येकीला हाताने पुसलंय, चेहरे ओळखीचे. ही आहे. ही आहे. हा बाबा आहे. अशी तळाशी एक निघाली, एक मिशीवाला पेटी घेऊन बसलेला. हा नव्हता आमच्यात. घेतली.

रविवारी फोन आला. मी म्हटलं, "एक नवी आणलीय."

पलीकडे खुर्ची जवळ ओढल्याचा आवाज आला. मग, "कोणाची?"

"मला काय माहीत? मिशा आहेत. पेटी आहे. तू ऐक आणि सांग."

फोन प्लेअरच्या शेजारी ठेवला, सुई टेकवली आणि केळींना पाणी सोडायला गेलो. परत आलो तर बाजू संपली होती, रेकॉर्ड नुसतीच फिरत होती. वाटलं, त्याने फोन ठेवला असेल. उचलून कानाला लावला.

"आप्पा," तो म्हणाला, "दुसरी बाजू लावा."