बागेकडची तिसरी खिडकी

बोदिलचं घर राजवाड्यापासून चालत पाच मिनिटांवर. तरी अडुसष्ट वर्षांत तिनं आत पाऊल टाकलं नव्हतं. दर जुलैत महाल लोकांसाठी उघडायचा, आख्खं गाव एकदा तरी जाऊन यायचं. ही मात्र लिंडनच्या झाडांखालून सायकल हाकत सरळ पुढं जायची.

तिचे वडील आयनार तिथल्या खिडक्या पुसायचे. एकतीस वर्षं. त्या महालाची एक रीत आहे. परदेशचा राजा पाहुणा आला, की जाताना हिऱ्याच्या टोकानं काचेवर आपली सही कोरून जातो. बोदिल सहा वर्षांची असताना आयनार तिला म्हणाले होते, "तुझंही नाव लिहिलंय मी तिथं. बागेकडची तिसरी खिडकी."

तिनं ते शाळेत सांगितलं. पोरं खदाखदा हसली. "आली बघा, बादलीवाल्याची राणी!" त्या दिवसापासून तिनं ती गोष्ट कुणाजवळ काढली नाही आणि बघायलाही गेली नाही. नाव नसलंच तर? गेलेल्या बापाला खोटं ठरवायचं तिला धाडस होत नव्हतं. भित्रीच होती बिचारी.

यंदा डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, पुढच्या उन्हाळ्यात बारीक अक्षरं दिसतील याचा भरवसा नाही. मग तिनं वडिलांचा कामावरचा जोडीदार थोरकिल याला गाठलं. तो आता चौऱ्याऐंशीचा.

"चल रे माझ्याबरोबर महालात."

"तिकीट काढून? जन्मभर शिडीवरून फुकट बघितलंय मी ते सगळं!" असं म्हणाला, पण ठेवणीतला कोट घालून आला.

रात्रभर पाऊस पडून गेला होता. फरशी मळू नये म्हणून बुटांवर निळ्या पिशव्या चढवून दोघं घोळक्यामागून निघाली. पावलांचा आवाज नाही, कुणी मोठ्यानं बोलत नाही. छतावरच्या पांढऱ्या नक्षीत हिरवट उजेड हलत होता. जुन्या काचा जराशा लहरी असतात, त्यातून बागेतली झाडं पाण्यात उभी असल्यासारखी दिसत होती. बोदिलला वाटलं, आपण चालत नाही, तरंगतोय.

तिसरी खिडकी आली. बोदिल खिडकीपुढं बांधलेल्या दोरीवरून वाकली. एका काचेवर कुण्या राजाची वळणदार सही होती. बाकी सगळ्या काचा कोऱ्या.

"काही शोधताय का?" माहिती सांगणाऱ्या मुलीनं विचारलं.

"माझं नाव."

"इथं फक्त राजेराण्यांचीच असतात हो," ती हळूच म्हणाली.

बोदिलचा चेहरा पडला. "म्हणजे थापच मारली त्यांनी."

"कोण, आयनार?" थोरकिल भडकला. "अगं, काचेला माझी अंगठी घासली तर हातावर फटका मारायचा तो! तो कोरेल काच?"

"मग लिहिलंय म्हणाले ते?"

"लिहायचाच की. काम सुरू करायचं ते याच खिडकीपासून. साबणाचा फेस लावला, की आधी बोटानं 'बोदिल' लिहायचा, मग पुसायचा. दर वेळी. एकतीस वर्षं बघितलंय मी. तुला ते हिऱ्यानं कोरलंय वाटतं, हे शाळेतल्या पोरांकडून कानावर आलं होतं, म्हणून कधी बोललो नाही. म्हटलं, कशाला पोरीचं राणीपण मोडा."

बोदिलला हुंदका आवरेना. त्या मुलीनं दोघांकडे पाहिलं, दोरी हुकातून सोडली आणि घोळक्याला घेऊन पुढच्या दालनात गेली.

बोदिल काचेजवळ गेली. काच गार होती. तिनं तोंड जवळ नेऊन हा करून वाफ सोडली आणि त्या धुरकट गोलात बोटानं लिहिलं, 'आयनार'. अक्षरांतून बागेची हिरवाई दिसू लागली. कडेकडेनं वाफ विरत चालली.

"आता पूस," थोरकिल म्हणाला. "डाग राहिलेला त्याला खपायचा नाही."

तिनं बाहीनं काच पुसली. वडील पुसायचे तशीच, वरून खाली.